कोलोरॅडोत एल्कचा टॅग: संकेतांक वाचण्यापासून मांस घरी आणेपर्यंत

मार्च महिना लागला की डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी मला हमखास विचारते, "इथे शिकारीचे लायसन्स म्हणे दुकानात मिळते, मग तुम्ही सोडतीचा अर्ज कसला भरत बसता?" प्रश्न रास्त आहे. भारतात १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली, आणि त्यामुळे शिकारीचा परवाना ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजोबांच्या तोंडूनच ऐकलेली असते. त्यातून अमेरिकेविषयीची आपली समजूत अशी, की रान आहे, बंदूक आहे, निघाले की झाले. प्रत्यक्षात अमेरिकेत मोठ्या जनावराची शिकार हे मी पाहिलेल्या सर्वांत कागदोपत्री कामांपैकी एक आहे. हा लेख कोलोरॅडो राज्यापुरता आणि मुख्यतः एल्कपुरता आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे, आणि कधीकधी अगदी उलटे असतात: शेजारच्या वायोमिंगमध्ये बाहेरच्या शिकाऱ्याला वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या क्षेत्रात मार्गदर्शकाशिवाय मोठी शिकार करता येत नाही, तर अलास्कात परदेशी नागरिकाला कोणत्याही मोठ्या जनावरासाठी मार्गदर्शक घ्यावाच लागतो.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातला, पण त्याहून थोराड प्राणी. कोलोरॅडोत आज पावणेतीन ते तीन लाखांच्या घरात एल्क आहेत. इतका मोठा कळप जगात दुसरीकडे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र बेसुमार शिकारीमुळे इथे जेमतेम पाचशे ते हजार उरले होते आणि यलोस्टोनच्या परिसरातून आगगाडीने एल्क आणून सोडावे लागले होते. आजच्या सगळ्या नियमांचे मूळ या इतिहासात आहे. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे खाते, ज्याला सगळे सीपीडब्ल्यू म्हणतात, हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून कळप पाहते, शंभर माद्यांमागे नर किती आणि वासरे किती याचे प्रमाण काढते, आणि त्या त्या कळपाच्या आराखड्यानुसार यंदा किती नर व किती माद्या कमी व्हाव्यात हे ठरवते. ती संख्या या खात्याचा आयोग मे महिन्यात मंजूर करतो, आणि तिचे सुटे तुकडे म्हणजे टॅग. एका टॅगमागे एक जनावर, अमुक लिंगाचे, अमुक भागातले, अमुक दिवसांतले. ही एक गोष्ट पक्की झाली की पुढचे नियम, मग ते कितीही किचकट वाटोत, लहरी वाटेनासे होतात.

आधी संकेतांक वाचायला शिका

अधिकृत कागदावर 'लायसन्स' हा शब्द असतो. टॅग म्हणजे त्या कागदाला जोडलेला, जनावर पडल्यावर फाडून लावायचा भाग. बोलण्यात मात्र सगळे सरसकट टॅगच म्हणतात. प्रत्येक मर्यादित, म्हणजे सोडतीतून मिळणाऱ्या, लायसन्सला आठ अक्षर-अंकांचा एक संकेतांक असतो. नमुन्यादाखल 'ई-एम-०६१-ओ१-आर' घ्या. पहिले अक्षर प्राण्याचे: ई म्हणजे एल्क, डी म्हणजे हरीण, ए म्हणजे प्राँगहॉर्न (काळविटासारखा दिसणारा प्राणी), बी म्हणजे अस्वल, एम म्हणजे मूस (हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी). दुसरे लिंगाचे: एम नर, एफ मादी, ई दोहोंपैकी कोणतेही. मग तीन अंक युनिटचे, म्हणजे राज्याचे शिकारीसाठी जे भाग पाडले आहेत त्यांपैकी एकाचे. ६१ क्रमांक अनकम्पाग्रे पठारावर येतो. पुढची दोन चिन्हे हंगामाची, आणि शेवटचे अक्षर हत्याराचे: ए धनुष्यबाण, एम ठासणीची बंदूक, आर रायफल.

यातले 'एम' हे अक्षर तीन जागी तीन अर्थांनी येते. पहिल्या जागी मूस, दुसऱ्या जागी नर, शेवटच्या जागी ठासणीची बंदूक. 'ई'चेही तसेच: आधी एल्क, मग कोणतेही लिंग. मी हे इतक्या कळकळीने सांगतो याला कारण आहे. तीन वर्षे साठवलेले पॉइंट, म्हणजे सोडतीत पहिली पसंती हुकली की जमा होणारे गुण, घेऊन मी नराच्या टॅगसाठी अर्ज भरला, पण दुसऱ्या जागी एमऐवजी एफ टाइप केले. सोडतीत नाव आले, मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, आणि घरी आलेल्या कागदावर मादी. त्या युनिटमधला मादीचा टॅग एरवी एकही पॉइंट न मोजता मिळाला असता. संगणकाने मला अर्थातच विचारले होते की 'हे बरोबर आहे का', आणि मी न वाचता 'हो' म्हटले होते. तेव्हापासून मी संकेतांक आधी कागदावर हाताने लिहितो, शेजारी मराठीत 'एल्क, नर, युनिट ६१, पहिला हंगाम, रायफल' असे लिहितो, आणि मगच अर्जाला हात घालतो.

संकेतांकाबरोबर माहितीपुस्तिकेत 'ए', 'बी' किंवा 'सी' यादी दिलेली असते. एका वर्षात एका प्राण्याचे ए यादीतले एकच लायसन्स घेता येते. त्याच्या जोडीला बी यादीतले एक चालते, किंवा ए न घेता बी यादीतली दोन चालतात. नराचे बहुतेक टॅग ए यादीत असतात, आणि जिथे कळप वाढला आहे तिथले मादीचे टॅग पुष्कळदा बी यादीत सापडतात. एका वर्षात दोन एल्कांचे मांस घरी आणणारे लोक नशीबवान नसतात, त्यांनी ही यादी वाचलेली असते.

अर्जाआधीची तयारी

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचे कार्ड लागते, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना. अभ्यासक्रमात बंदुकीची सुरक्षितता, प्राण्यांची ओळख, जखमी जनावराचा माग आणि कायदे शिकवतात. परीक्षा अवघड नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गांच्या जागा भराभर संपतात, म्हणून हे काम आदल्या उन्हाळ्यातच उरकावे. मुलांना १२ वर्षे पूर्ण झाल्यावर मोठी शिकार करता येते, आणि १६ व्या वर्षापर्यंत सोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते. १८ ते ६४ वयाच्या माणसाला याखेरीज हॅबिटॅट स्टॅम्प नावाचे वार्षिक शुल्क भरावे लागते. त्या पैशातून अधिवासाचे जतन होते.

रहिवासी कोण, हा प्रश्न पैशाचा आहे. कोलोरॅडोत सलग सहा महिने वास्तव्य झाल्याशिवाय रहिवासी म्हणून अर्ज करता येत नाही, आणि शुल्कातला फरक किरकोळ नाही: नर एल्कच्या लायसन्ससाठी रहिवाशाला शंभर डॉलरही लागत नाहीत, तर बाहेरच्याला आठशेच्या वर मोजावे लागतात. सोडतीत टॅगांची वाटणीही वेगळी असते. २०२४ पासून साधारणपणे ७५ टक्के रहिवाशांना आणि २५ टक्के बाहेरच्यांना असे प्रमाण आहे, आणि फार मागणी असलेल्या टॅगांसाठी ते रहिवाशांच्या बाजूला आणखी झुकते. दुसऱ्या राज्यात बदली झाल्यावर जुना पत्ता ठेवून रहिवासी दरात लायसन्स घेणे हा गुन्हा आहे, आणि तो पकडला जातोच. ड्रायव्हिंग लायसन्स, कर भरल्याची नोंद हे सगळे तपासले जाते.

आपल्या लोकांसाठी याहून महत्त्वाची बाब व्हिसाची आहे, आणि ती हंटर एज्युकेशनच्या वर्गात बहुधा कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक वा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याने रीतसर दिलेले आणि मुदत न संपलेले शिकारीचे लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदूक. उलटा क्रम चालत नाही, अगदी मित्राच्या बंदुकीने रेंजवर सराव करायचा असला तरी. कोलोरॅडोतील लहान शिकारीचे, म्हणजे ससे-पक्षी अशा लहान जनावरांच्या शिकारीचे, वार्षिक लायसन्स १ मार्चपासून पुढल्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालते. ते संपले आणि नवे घेतले नाही, तर कपाटात असलेल्या बंदुकीमुळेही माणूस अडचणीत येऊ शकतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अट राहत नाही. तोपर्यंत मात्र मित्रांच्या सल्ल्यावर न जाता इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावे. टॅगपेक्षा व्हिसा महाग आहे.

सोडत

मुख्य सोडतीचे अर्ज १ मार्चच्या सुमारास उघडतात आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री ८ वाजता बंद होतात. आठ म्हणजे आठ. म्हाडाच्या सोडतीसारखी इथे मुदतवाढीची आशा ठेवू नये. मोठ्या शिकारीच्या सोडतीत उतरण्याआधी एक पात्रता लायसन्स विकत घ्यावे लागते, उदाहरणार्थ लहान शिकारीचे किंवा वसंतातल्या टर्कीचे. पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्याला हे वायफळ खर्चाचे वाटते, पण व्हिसावरच्या माणसाला तेच लायसन्स वर सांगितलेल्या कारणासाठी उपयोगी पडते.

अर्जात चार पसंती देता येतात. संगणक आधी सगळ्या अर्जदारांच्या पहिल्या पसंती पाहतो, त्या संपल्यावरच दुसऱ्या पसंतींकडे वळतो. पॉइंट फक्त पहिल्या पसंतीसाठी मोजले जातात आणि फक्त तिथेच खर्च होतात. पहिली पसंती मिळाली नाही, तर त्या प्राण्याचा एक पॉइंट जमा होतो. मिळाली, तर जमा झालेले सगळे पॉइंट शून्य होतात. ज्यांना यंदा शिकारच करायची नाही ते पहिल्या पसंतीत नुसत्या पॉइंटचा संकेतांक भरतात. म्हणून अनुभवी लोक काय करतात, तर पहिल्या पसंतीत पॉइंट मागतात आणि दुसऱ्या पसंतीत असा टॅग मागतात जो दरवर्षी उरतोच. दोन्ही पदरात पडतात. हे करण्यासाठी मागच्या वर्षीच्या सोडतीचा तक्ता वाचावा लागतो. सीपीडब्ल्यू तो दरवर्षी प्रसिद्ध करते, आणि प्रत्येक संकेतांकाला किती पॉइंटवाल्यांपर्यंत टॅग पोचले, दुसऱ्या पसंतीत किती गेले, हे त्यात आकड्यांनिशी असते. एखादी संध्याकाळ चहाचा कप घेऊन या तक्त्याशी बसलात, तर अनेकांच्या पाच-दहा वर्षांच्या अनुभवाइतके कळते.

काही युनिटांसाठी वीसहून अधिक पॉइंट लागतात. तिथे नवख्याने रांगेत उभे राहावे का? माझे मत स्पष्ट आहे: राहू नये. तुम्ही दरवर्षी एक पॉइंट जमवता तसे तुमच्या पुढे उभे असलेलेही जमवतात, आणि रांगेचे टोक पुढे पुढे सरकत राहते. मध्यम मागणीच्या युनिटात दर दोन-तीन वर्षांनी जाऊन जी ओळख होते, ती वीस वर्षे थांबून एकदा गेल्याने होत नाही. सलग दहा वर्षे अर्जच केला नाही तर साठवलेले पॉइंट बुडतात, हेही ध्यानात असू द्यावे.

मित्रांचा गट करून अर्ज करता येतो, पण गटाचे पॉइंट त्यातल्या सर्वांत कमी पॉइंट असलेल्या माणसाइतकेच धरले जातात. आठ पॉइंटवाल्याने नवख्या मेव्हण्याबरोबर अर्ज केला तर त्याचे आठ पॉइंट जणू नाहीतच. नात्यांवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा हे आधी बोलून घ्यावे.

निकाल मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला लागतात. नाव आले म्हणजे टॅग मिळाला असे नाही; ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे भरावे लागतात, नाहीतर तो दुसऱ्याकडे जातो. क्रेडिट कार्डची मुदत मधल्या काळात संपून पैसे कटले नाहीत, असे झालेले लोक मी पाहिले आहेत. जूनच्या उत्तरार्धात दुय्यम सोडत असते, तिच्यात पॉइंट लागत नाहीत आणि खर्चही होत नाहीत. त्यातूनही उरलेले टॅग ऑगस्टच्या सुरुवातीला जो आधी येईल त्याला, या तत्त्वावर विकले जातात.

राहता राहिला दुकानात मिळणारा टॅग, म्हणजे लेखाच्या सुरुवातीला विचारलेला प्रश्न. ते खरेच आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामात राज्याच्या अनेक युनिटांमध्ये नर एल्कचे लायसन्स सोडतीविना, थेट काउंटरवर मिळते. धनुष्यबाणाचेही रहिवाशांना तसे मिळते. बाहेरच्यांसाठी मात्र २०२५ पासून आंतरराज्य महामार्ग २५ च्या पश्चिमेला, म्हणजे जिथे बहुतेक एल्क आहेत तिथेच, ती सोय बंद झाली आणि सोडत लागू झाली. काउंटरचा टॅग मिळायला सोपा, पण तो तुमच्यासारख्या हजारोंनी घेतलेला असतो. गाडी लावलेल्या जागेपासून पहिल्या मैलभरात एल्कपेक्षा शिकाऱ्यांच्या नारिंगी बंड्याच जास्त दिसतात. तरीही पहिल्या वर्षी तोच घ्यावा असे मी सांगतो, कारण रान शिकायला पॉइंट लागत नाहीत.

हंगामांची उतरंड

सप्टेंबर महिना धनुष्यबाणाचा. या दिवसांत एल्क माजावर असतात, नर कर्कश शीळ घालतात, आणि माणूस चाळीस पावलांपर्यंत पोचला तरच बाण सुटतो. त्याच महिन्याच्या मध्यावर नऊ दिवस ठासणीच्या बंदुकीचे. कोकणात रानडुकरे हाकायला ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातले तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. कोलोरॅडोत या हंगामात त्यावर दुर्बीण बसवता येत नाही, उघड्या माशीनेच नेम धरायचा.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत रायफलचे चार हंगाम येतात. पहिला अवघा पाच दिवसांचा, फक्त सोडतीतल्यांसाठी आणि मुख्यतः एल्कचा. दुसरा आणि तिसरा लांब, गर्दीचे, आणि त्यांत हरणांचे टॅगही असतात. चौथा पुन्हा लहान आणि मर्यादित, तेव्हा बर्फामुळे कळप खाली उतरलेले असतात आणि थंडीमुळे शिकारी कमी झालेले असतात. हंगामांच्या मध्ये काही दिवस मोकळे सोडलेले असतात, ते जनावरांना दम घ्यायला आणि पुढच्या तुकडीला तळ ठोकायला. हा सगळा ढाचा आयोग पाच-पाच वर्षांसाठी ठरवतो; तारखा मात्र दरवर्षी सरकतात, म्हणून मागच्या वर्षीच्या पुस्तिकेवर कधीही विसंबू नये. आपला टॅग दुसऱ्या हंगामाचा असेल, तर पहिल्याच्या शेवटच्या दिवशी समोर आलेला एल्क आपला नाही, मग तो तंबूच्या दोरीला अडखळला तरी.

रानात उतरल्यावर

रायफल आणि ठासणीच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कापड, आणि चारी बाजूंनी दिसणारी त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. गुलाबी रंगाला २०१६ पासून मान्यता मिळाली. पानाफुलांची नक्षी असलेले नारिंगी कापड धरले जात नाही. पाठीवर मोठी पिशवी घेतली की बंडी झाकली जाते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पिशवीवरही नारिंगी कापड बांधावे.

बार काढण्याची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. रायफल किमान ०.२४ कॅलिबरची, आणि एल्कसाठी गोळी वजनाने किमान ८५ ग्रेनची असावी लागते. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडता येत नाही. रस्त्याच्या मध्यरेषेपासून ५० फूट तरी दूर जावे लागते. गाडीत रायफलच्या चेंबरमध्ये काडतूस ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

जमिनीचे काय? राष्ट्रीय वने आणि बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या, जमिनी साधारणतः खुल्या. स्टेट ट्रस्टची जमीन नावाने राज्याची असली तरी सरसकट खुली नाही, आणि खासगी जमिनीबाबत कोलोरॅडोचा कायदा मालकाच्या बाजूने आहे: मालकाने पाटी लावलेली नसली, कुंपण पडलेले असले, तरी परवानगी घेण्याची जबाबदारी तुमची. युनिटची हद्दही अशीच जपावी लागते. ती कधी ओढ्याने, कधी डोंगराच्या धारेने, कधी रस्त्याने जाते, आणि एल्कला ती ठाऊक नसते. जीपीएसवर मालकीसह हद्दी दाखवणारा नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण दरीत मोबाइलला रेंज नसते.

आता सर्वांत नाजूक भाग. बहुतेक काउंटर युनिटांमध्ये नर एल्क मारायचा, तर त्याच्या एका शिंगाला किमान चार टोके हवीत, किंवा कपाळाजवळचे टोक किमान ५ इंच लांब हवे. टोक म्हणजे काय हेही ठरलेले आहे: किमान एक इंच लांब, आणि बुडाशी रुंदीपेक्षा लांबी जास्त. आपल्याकडे बाराशिंगा हे नावच टोके मोजून पडले, पण ते मोजणारा निवांत असावा. दोनशे यार्डांवर, ऑक्टोबरच्या पहाटे, अस्पेनच्या पांढऱ्या खोडांमधून एल्क मान हलवत चालला आहे, दुर्बिणीची काच श्वासाने धूसर झाली आहे, एक टोक आहे की मागची फांदी हे कळत नाही, तो वळतो तेव्हा डावे शिंग दिसते, तीन, आणि चौथे... आणि तो झाडीत गेला. असे माझे दोन नर गेले आहेत. पहिल्या वेळी सोबत होते ते आमच्या शेजारचे वयोवृद्ध गृहस्थ, रँचवरच लहानाचे मोठे झालेले. ते एवढेच म्हणाले, की मोजताना 'बहुधा' हा शब्द मनात आला की रायफल खाली.

जनावर पडल्यानंतर

एल्क पडला, मेला याची खात्री झाली, की फोटोच्याही आधी टॅग. तो लायसन्सपासून फाडायचा, त्यावर तारीख घालायची, सही करायची. ताबडतोब, म्हणजे सोलून झाल्यावर नव्हे. मोबाइलमधले लायसन्स इथे चालत नाही, कागदच लागतो, म्हणून तो झिपच्या पिशवीत, आतल्या खिशात असावा. आणि पेन्सिल न्यावी. उणे दहा अंशांत माझे बॉलपेन एकदा अजिबात उमटेना. हातमोजा काढून, पेन काखेत धरून गरम करून, रक्ताळलेल्या बोटांनी मी ती सही केली, आणि ती माझी आहे हे माझ्या बँकेनेही मान्य केले नसते. टॅग वाहतुकीत, तळावर आणि घरी मांस साठवून ठेवलेले असेपर्यंत जनावराबरोबर जोडलेला राहिला पाहिजे. फाडण्याआधी मात्र घाई करू नये: जनावर न मारता सही केलेला किंवा फाडलेला टॅग बाद धरला जातो.

लिंगाचा पुरावा मांसाच्या एखाद्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहावा लागतो. डोके जोडलेले असेल तर ते चालते, पण पाच-सहा मैल पाठीवर वाहून आणताना कोणी डोके जोडून ठेवत नाही, म्हणून एका मागच्या पायाला वृषण किंवा कासेचा भाग तसाच ठेवून सोलावे. टॅग नराचा आणि पुरावा नाही, अशा वेळी अधिकाऱ्याने तुमच्या शब्दावर का विश्वास ठेवावा?

मांस टाकून देणे कायद्याला मंजूर नाही. किमान चारही पाय, कण्यालगतचे दोन्ही लांब पट्टे आणि पोटाच्या आतल्या बाजूचे कोवळे मांस आणावेच लागते. नुसती शिंगे घेऊन जनावर सोडून देणे हा कोलोरॅडोत फौजदारी गुन्हा आहे, साधा दंड नव्हे. एका मोठ्या एल्कचे मांस दोघांना चार-पाच फेऱ्यांत आणावे लागते. गाडीपासून किती दूर बार काढायचा, हे ज्याने त्याने स्वतःच्या गुडघ्यांना विचारून ठरवावे.

हरीण आणि एल्क यांच्यात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे. तो प्रथम १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्स येथील बंदिस्त हरणांत दिसला. काही युनिटांतील जनावरांचे डोके तपासणीला देणे त्या-त्या वर्षी सक्तीचे असते, तसे तुम्हाला कळवले जाते. सक्ती नसली तरी तपासणी करून घ्यावी, आणि निकाल येईपर्यंत त्या जनावराचे मांस वेगळे ठेवावे. रोग आढळला तर ते खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. बऱ्याच राज्यांत मेंदू आणि कण्याचे भाग बाहेरून आणायला बंदी आहे, तेव्हा राज्याबाहेर जायचे असेल तर हाडे काढूनच मांस न्यावे.

चूक झाली तर? चौथे टोक नव्हते, किंवा एका गोळीने मागे उभा असलेला दुसराही पडला. अशा वेळी जनावर नीट साफ करून ठेवावे, आणि रेंज मिळेल तिथे जाऊन वन्यजीव अधिकाऱ्याला स्वतः कळवावे. दंड टळेलच असे नाही, पण स्वतः सांगणारा आणि लपवणारा यांच्यातला फरक अधिकारीही जाणतात, न्यायाधीशही. लपवलेल्या गुन्ह्याची किंमत मोठी आहे. १९९५ मध्ये एस्टेस पार्कजवळ सॅमसन नावाने लोकांना ओळखीचा झालेला एक प्रचंड एल्क चोरून मारला गेला. त्यावर राज्यभर संताप उसळला आणि १९९८ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला. एका शिंगाला किमान सहा टोके असलेला नर एल्क बेकायदा मारल्यास नेहमीच्या दंडावर १०,००० डॉलरची भर पडते. शिवाय गुन्ह्यांचे गुण नोंदवले जातात, पाच वर्षांत २० झाले की शिकारीचा हक्क निलंबित होऊ शकतो, आणि राज्यांच्या आपसातल्या करारामुळे ते निलंबन जवळजवळ सगळ्या देशात लागू होते.

दुसरा हंगाम पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि फ्रीजर भरला आहे हे कळले की मंडळी रश्श्यासाठी मांस मागायला येतातच. द्यावे, पण विकू नये. वन्य प्राण्याचे मांस विकणे, अगदी मसाल्याच्या खर्चापुरते पैसे घेणेही, बेकायदा आहे. आणि दिलेल्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी घालावी: तुमचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी, लायसन्सचा क्रमांक, प्राणी कोणता, मांस किती, मारल्याची आणि दिल्याची तारीख, खाली सही. मी या चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवतो, घरी आल्यावर, गरम खोलीत, चालणाऱ्या पेनने.